ऑफर लेटर आलं, पण नाव जुळेना

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी, बी.कॉम. झालेली. पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी दोन मुलाखती झाल्या, ऑफर लेटर आलं, मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. आठवड्याभराने मेल आला: कागदपत्रांतली नावे जुळत नाहीत, खुलासा करा, तोवर रुजू होण्याची तारीख पुढे. तिचे अब्बू तडक आमच्याकडे आले. "सर, नाव बघूनच अडवलं ना आपल्याला?"

असं होतच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. नाव बघून अर्ज बाजूला पडल्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. पण हिला तर निवडलं होतं. गाडी अडली होती वेगळ्याच ठिकाणी.

निवड झाल्यावर बऱ्याच कंपन्या पडताळणीचं काम बाहेरच्या एजन्सीला देतात. एजन्सी गुणपत्रिका, आधार, पॅन, पत्ता सगळं शेजारी शेजारी ठेवून ताडते. आपलं बोर्ड आडनाव आधी छापतं, तेवढं चालून गेलं असतं. पण गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव 'अब्दुल रहीम', आधारवर नुसतं 'रहीम', आणि पॅनवर 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग निराळंच. हे आपल्या घरोघरी आहे. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर 'मोहद', तिसऱ्यावर नुसता 'एम'. उर्दूत एकच असलेलं नाव इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या मर्जीने बदलत जातं.

मुलीने घाबरून फोनवर फोन न करता मेललाच लेखी उत्तर दिलं. ही सगळी नावे एकाच व्यक्तीची आहेत, असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र जोडलं. कंपनीने ते मान्य केलं. तरी आधार दुरुस्त करावंच लागलं, कारण पीएफ खात्यावरचं नाव आधारशी जुळावं लागतं.

इथे घाई नको. आधारवरचं नाव एरवी दोनदाच बदलता येतं. म्हणून आधी एक स्पेलिंग कायमचं ठरवा. आमच्या मते दहावीच्या गुणपत्रिकेवरचंच धरा, मग आधार, पॅन, बँक त्याप्रमाणे करून घ्या. गुणपत्रिकेतच चूक असेल तर मात्र काम अवघड. शाळा सोडल्यावर तिथली दुरुस्ती सहज होत नाही. नाव बदलायचं तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. निकाहनंतर नाव बदलायलाच हवं, असाही कायदा नाही. नोकरी करणाऱ्या मुलींनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

खरी संधी दहावीतच असते. बोर्डाचा फॉर्म भरल्यावर शाळेत प्री-लिस्ट येते, ती तपासून सही करायची असते. आमचा अनुभव असा, की पालक सही आधी करतात आणि वाचत तर नाहीतच.

मुलगी तीन आठवडे उशिरा का होईना, रुजू झाली, अल्हम्दुलिल्लाह. तिचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. अब्बूंनी त्याची प्री-लिस्ट चष्मा लावून वाचली. 'अब्दुल' पुन्हा गळालेलं निघालं.