गुन्हेगार जन्मतो की घडतो?

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण सहज वापरतो. परंतु मूल दत्तक घेऊ इच्छिणारे दांपत्य जेव्हा बालरोगतज्ज्ञाला विचारते, ‘डॉक्टर, आईबापांचा ठाव नाही, उद्या रक्ताने गुण दाखवले तर?’, तेव्हा एका बालकाला घर मिळणे न मिळणे या म्हणीवर ठरू शकते. म्हणून याविषयी विज्ञान काय सांगते, हे पाहणे अगत्याचे आहे.

इटलीतील वैद्यक चेझारे लोंब्रोझो यांनी १८७६ साली ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडली. उतरते कपाळ, मोठा जबडा, पुढे आलेले कान ही त्यांच्या मते आदिम अवस्थेकडे परतलेल्या माणसाची लक्षणे होती. चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमधील सुमारे ३००० कैद्यांची मोजमापे तपासून १९१३ मध्ये दाखवून दिले, की गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक साचा आढळत नाही.

आपल्याकडे ब्रिटिश सरकारने १८७१ मध्येच गुन्हेगार जमाती कायदा करून जन्मालाच गुन्हा ठरवले होते. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. बेळगाव तेव्हा याच इलाख्यात होते. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु विमुक्त जमातींच्या कपाळीचा शिक्का पुरता पुसला गेलेला नाही.

पुढे लक्ष गुणसूत्रांकडे वळले. १९६५ साली स्कॉटलंडमधील एका सुरक्षित रुग्णालयात एक जादा ‘वाय’ गुणसूत्र असलेले पुरुष अपेक्षेपेक्षा अधिक आढळले आणि ‘गुन्ह्याचे गुणसूत्र’ सापडल्याची हाकाटी झाली. १९७६ च्या डॅनिश अभ्यासाने ती शमवली. या पुरुषांत शिक्षा झालेल्यांचे प्रमाण जास्त होते खरे. पण ते हिंसक असल्याचा पुरावा मिळाला नाही. हजारात सुमारे एका मुलग्यात हे गुणसूत्र असते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

सर्वांत बोधप्रद अभ्यास न्यूझीलंडमधील ड्युनेडिनचा. तेथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या बालकांचा आजवर पाठपुरावा होत आहे. मेंदूतील संदेशवाहक रसायनांचे विघटन करणाऱ्या ‘एमएओए’ विकराचे जनुक मंद असलेली आणि बालपणी छळ सोसलेली मुले पुढे समाजविघातक वर्तनाकडे अधिक झुकली, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेच मंद जनुक असूनही ज्यांना छळ सोसावा लागला नाही, त्यांच्यात हा धोका वाढलेला दिसला नाही. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हे निष्कर्ष सारखे उतरले नाहीत. तथापि जनुक म्हणजे निकालपत्र नव्हे, ही दिशा पक्की आहे.

बीजाला गुण असतो, पण मातीवाचून ते रुजत नाही. आईबाप कोण हे आपल्याला बदलता येत नाही. मारझोड थांबवणे, शिसे व कुपोषण यांपासून मेंदू जपणे, चंचल मुलाला ‘वाया गेलेला’ न म्हणता वेळीच तपासणे, हे मात्र आपल्या हाती आहे. त्या दांपत्याला मी इतकेच सांगतो: बाळाचे रक्त मी तपासतो ते रोगासाठी, चारित्र्यासाठी नव्हे. चारित्र्य घडवण्याचे काम आता तुमच्या घराचे आहे.