बोर्नव्हिल: एक वॉर्ड, दोन कारभारी

आपल्याकडे लहान मुलं चॉकलेट मागत नाहीत, कॅडबरी मागतात. ठाण्यात तर या कंपनीच्या कारखान्यामुळे एका चौकालाच कॅडबरी जंक्शन म्हणतात. याच कंपनीच्या काळ्या चॉकलेटच्या वेष्टनावर 'बोर्नव्हिल' असा शब्द असतो. ते एका जागेचं नाव आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या मध्यापासून नैऋत्येला साधारण सहा-सात किलोमीटरवर हे उपनगर आहे. तिथल्या सिटी कौन्सिलच्या, म्हणजे महापालिकेच्या नकाशावर 'बोर्नव्हिल अँड कॉटरिज' नावाचा वॉर्ड आहे. आपण प्रभाग म्हणतो, तसाच. या एका वॉर्डाच्या निमित्ताने आज एक प्रश्न समजून घेऊ. वस्ती सांभाळायची कोणी? लोकांनी निवडून दिलेल्यांनी, की तिच्या भल्यासाठी कुणीतरी नेमून ठेवलेल्यांनी?

आधी थोडा इतिहास. १८७९ साली रिचर्ड आणि जॉर्ज कॅडबरी या भावांनी आपला कारखाना शहराच्या दाटीतून बाहेर काढून इथल्या मोकळ्या शेतांत आणला. कालवा आणि रेल्वे दोन्ही शेजारून जात होते, त्यामुळे मालाची ने-आण सोपी होती. जवळून बोर्न नावाचा ओढा वाहत होता. त्या काळी चॉकलेट म्हटलं की नाव फ्रेंचांचं, म्हणून ओढ्याच्या नावाला गाव या अर्थाचा 'व्हिल' हा फ्रेंच शब्द जोडला. झालं बोर्नव्हिल.

बर्मिंगहॅमचे कामगार तेव्हा कसे राहत होते? पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांत. मागची भिंत शेजाऱ्याची, म्हणजे मागे खिडकी नाही. नळ आणि संडास अंगणात, तेही पाच-सहा घरांत मिळून. हे बघून जॉर्ज कॅडबरींनी १८९३ मध्ये १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून घरं बांधायला सुरुवात केली. विल्यम अलेक्झांडर हार्वी हा तरुण वास्तुविशारद कामाला लावला. नियम असा, की घराने आपल्या जागेच्या पावभागापेक्षा जास्त जागा व्यापायची नाही. उरलेली जागा बागेसाठी. त्या बागेत फळझाडंही लावून दिलेली असत.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. लोकांना वाटतं, ही कंपनीची कामगार वसाहत, आपल्याकडच्या गिरणीच्या चाळीसारखी. तसं नाही. घरं सुरुवातीपासून कारखान्याबाहेरच्या लोकांनाही खुली होती. आणि १९०० साली जॉर्ज कॅडबरींनी ३३० एकर जमीन आणि तिच्यावरची ३१३ घरं 'बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्ट' या संस्थेच्या हवाली केली. मालकी ना कंपनीची राहिली, ना कॅडबरी घराण्याची. याचा अर्थ २०१० मध्ये कळला. क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने कॅडबरी विकत घेतली, दोन वर्षांनी तिचं मोंडेलीझ झालं. कारखान्याचा मालक बदलला, पण वस्तीचा मालक बदलला नाही, कारण ती विकायला कंपनीकडे नव्हतीच.

पण ट्रस्ट म्हटला की नियम आले. कॅडबरी क्वेकर पंथाचे, दारूच्या विरोधातले. ट्रस्टच्या मूळ वस्तीत आजही पब नाही. रेल्वे आणि कालवा ओलांडून पलीकडच्या स्टर्चलीत जा, तिथे पब आहेत, बिअर गाळणारे छोटे कारखानेही आहेत. घरांचंही तसंच. १९६७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये भाडेपट्ट्यावरच्या घरमालकांना जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला. पण त्याच कायद्यात अशा वस्त्यांसाठी एक सोयही होती, की जमीन विकली तरी परिसराच्या रूपावर जुन्या मालकाचं नियंत्रण राहू शकतं. म्हणून बोर्नव्हिलमध्ये घर तुमचं असलं, तरी खिडक्या बदलायच्या किंवा मागे खोली वाढवायची तर ट्रस्टला विचारावं लागतं. पालिकेची परवानगी वेगळी, ट्रस्टची वेगळी. वर ट्रस्टला वार्षिक शुल्कही द्यायचं.

आता दुसरा कारभारी बघू. बोर्नव्हिल १९११ मध्ये बर्मिंगहॅम शहरात सामील झालं आणि पालिकेच्या कक्षेत आलं. आजचा वॉर्ड मात्र २०१८ चा आहे. त्याआधी शहरात ४० वॉर्ड होते, प्रत्येकात तीन नगरसेवक. २०१८ ला नकाशा नव्याने आखला आणि ६९ वॉर्ड, १०१ नगरसेवक झाले. काही वॉर्डांत एक, काहींत दोन. बोर्नव्हिल आणि कॉटरिज मिळून दोन नगरसेवक, स्टर्चलीला स्वतंत्र एक. २०२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या जवळ होती, म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी अकरा-साडेअकरा हजार माणसं. नगरसेवक ठरलेल्या वेळी लोकांना भेटायला बसतात. त्या बैठकीला तिथे चक्क 'सर्जरी' म्हणतात, डॉक्टरच्या दवाखान्यासारखं. फुटपाथ तुटला, दिवा बंद आहे, शेजारच्या बांधकामाला हरकत आहे, अशी गाऱ्हाणी तिथे येतात.

गंमत अशी की हे दोन नकाशे जुळत नाहीत. ट्रस्टची वस्ती वाढत वाढत वॉर्डाच्या हद्दीबाहेर, शेनली आणि वीओली हिलच्या दिशेने गेली आहे. उलट कॉटरिज वॉर्डात आहे, पण पर्शोर रोडच्या आजूबाजूच्या तिथल्या बहुतेक घरांशी ट्रस्टचा संबंध नाही. एकाच वॉर्डातले दोन मतदार, मत एकाच पेटीत टाकतात, पण एकाच्या वस्तीला ट्रस्टचा आधार आहे, दुसऱ्याला नाही.

एरवी हा फरक हिरवळ आणि खिडक्यांपुरता वाटला असता. पण सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम पालिकेने कलम ११४ ची नोटीस काढली. म्हणजे काय, तर खर्च भागवण्याइतकं उत्पन्न नाही, आता कायद्याने बंधनकारक सेवा सोडून नवा खर्च बंद. स्त्री-पुरुष समान वेतनाची थकलेली देणी हे त्यातलं एक मोठं कारण होतं. सरकारने वर आयुक्त नेमले. दोन वर्षांत ३० कोटी पौंडांची काटकसर ठरली आणि २०२४ मध्ये कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, जवळजवळ १० टक्क्यांनी वाढला. नगरसेवक लोकांनी निवडलेले, पण त्यांच्या हातात द्यायला फारसं उरलं नाही.

मग ट्रस्ट बरा, असं म्हणायचं का? थांबा. मार्च २०२५ मध्ये शहरातल्या कचरा कामगारांनी बेमुदत संप केला आणि रस्त्यांवर हजारो टन कचरा साचला. बोर्नव्हिलच्या घरांचा कचराही पालिकाच उचलते. वृद्धांची देखभाल, रस्ते, वाचनालयं, हेही पालिकेचंच काम. ट्रस्ट वस्तीचं रूप जपू शकतो, पण शहर चालवू शकत नाही. शिवाय ट्रस्टचे विश्वस्त वॉर्डातल्या मतदानाने येत नाहीत. नगरसेवक आवडला नाही तर चार वर्षांनी बदलता येतो. विश्वस्तांना तसं घरी पाठवता येत नाही.

माझ्या मते या वॉर्डाकडून शिकायचं ते असं. ट्रस्टकडे टिकून राहायची ताकद आहे, कारण त्याच्याकडे स्वतःची जमीन आणि उत्पन्न आहे. नगरसेवकाकडे लोकांचा अधिकार आहे, पण तिजोरी दुसऱ्याच्या हातात. वस्ती नीट चालायला दोन्ही लागतं, आणि बोर्नव्हिलमध्येही ती दोन्ही एका जागी आलेली नाहीत. म्हणून कुठल्याही वॉर्डाबद्दल बोलताना नगरसेवक कोण, एवढंच विचारून थांबू नका. तिथली जमीन कुणाची, पैसा कुठून येतो आणि तो कमी करायचा निर्णय कुठे होतो, हेही विचारा.