तिघांचं बाक आणि चौथी सीट

नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘झॉर्क’ या गेमच्या पहिल्या तीन भागांचा सोर्स कोड सर्वांना वापरायला मोकळा केला. बातम्यांना जुन्या आठवणींचा उमाळा आला. वास्तविक हा कोड २०१९ पासूनच इंटरनेटवर पाहायला मिळत होता; नवा आहे तो फक्त परवाना. त्या कोडमागची खरी करामत मात्र वेगळीच आहे.

झॉर्कमध्ये एकही चित्र नाही. पडद्यावर वर्णन उमटतं, आपण इंग्रजीत हुकूम टाइप करायचा, की पुढचं वर्णन हजर. एमआयटीतल्या टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेब्लिंग या चौघांनी १९७७ मध्ये पीडीपी-१० या अगडबंब यंत्रावर तो रचायला घेतला. त्या गेमला साधारण एक मेगाबाइट मेमरी लागे. तो विकायचा, तर १९८० मध्ये गिऱ्हाईक होतं घरगुती टीआरएस-८० संगणकाचं. तिथे मेमरी जेमतेम ३२ किलोबाइट!

नुसते गेमचे तुकडे पाडून भागणार नव्हतं. म्हणून ब्लँक आणि त्याचा सहकारी जोएल बेरेझ यांनी अस्तित्वातच नसलेला एक संगणक कागदावर मांडला, झी-मशीन. गेम लिहायचा तो या काल्पनिक यंत्रासाठी. प्रत्येक खऱ्या संगणकाला फक्त एक छोटा दुभाषी प्रोग्राम पुरवायचा. तो फ्लॉपीवरून लागेल तेवढंच पान मेमरीत आणणार. ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ म्हणत याच कल्पनेवरच्या जावा या प्रोग्रामिंग भाषेचा गाजावाजा झाला तो १९९५ मध्ये.

पण मी फिदा आहे तो त्यांच्या अक्षरं कोंबण्यावर. एरवी १६ बिटांत दोन अक्षरं बसतात. यांनी अक्षराला पाचच बिट दिले आणि तीन अक्षरं बसवली. पाच त्रिक पंधरा. उरला एक बिट. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा कडेला टेकतो, तसा हा टेकलेला बिट. त्यालाही काम लावलंच होतं: ‘मजकूर इथे संपला’ हे सांगायचं. (पाच बिटांत खुणा होतात ३२. रोमनची २६ अक्षरं मावली. आपली मुळाक्षरंच मावली नसती, बाराखडी तर फलाटावरच राहिली असती.)

‘संगणकाला इंग्रजी कळतं’ असं तेव्हाही लोकांना वाटे. कळत कसलं! प्रत्येक शब्दाची पहिली सहा अक्षरं तो आपल्या शब्दसंग्रहाशी ताडून बघायचा. रोमन लिपीत ‘लँटर्न’ सात अक्षरी, म्हणजे शेवटच्या ‘एन’च्या जागी काहीही बडवा, कंदील हातात येणारच.

आणि कंदील हवाच. सुरुवातीच्या झॉर्कमध्ये अंधारात पाऊल टाकलं की खेळाडू अथांग खड्ड्यात पडायचा. मग लक्षात आलं, की गेममधल्या घराच्या पोटमाळ्यावरही अंधार आहे आणि तिथेही माणूस खड्ड्यातच पडतोय! माळ्याखाली स्वयंपाकघर, मग खड्डा कुठला? खड्डे बुजवले आणि अंधारात माणसं खाणारा ‘ग्रू’ नावाचा प्राणी सोडला. तो माळ्यावरही राहू शकतो.