अंड्याचे कवच

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया राज्य आहे. त्या राज्यात सांता क्लारा नावाचा जिल्हा आहे. आज तेथे संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. पूर्वी तेथे जर्दाळू, चेरी आणि आलुबुखार यांच्या बागाच बागा होत्या. या जिल्ह्यातील सॅन होजे शहरात नगरपालिकेची 18 मजली इमारत आहे. 2007 साली तिच्यावर बहिरी ससाण्याच्या जोडीने संसार थाटला. लोकांना केवढा आनंद झाला! एका पक्ष्याचे एवढे कौतुक का बरे?

बहिरी ससाणा हा शिकारी पक्षी. हिवाळ्यात तो महाराष्ट्रातही येतो. तो उंचावरून झेप घेतो, तेव्हा त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरहून अधिक असतो. अशा शूर पक्ष्याच्या 1970 साली कॅलिफोर्नियात पिल्ले वाढवणाऱ्या अवघ्या दोनच जोड्या माहीत होत्या.

झाले होते काय? घरट्यात अंडी असत. पण मादी उबवायला बसली, की तिच्याच वजनाने ती फुटत.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी एक युक्ती केली. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद पूर्वी पुष्कळांना होता. रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील ती जुनी, रिकामी कवचे काढली. कवच न फोडता त्याची लांबी, रुंदी आणि वजन घेतले. तेवढ्याच आकाराचे अंडे, पण वजन कमी, म्हणजे कवच पातळ! 1947 च्या सुमारास कवचे एकाएकी पातळ झाली होती. हे त्यांनी 1967 साली जगाला सांगितले. अमेरिकेतील अंड्यांचेही तसेच झाल्याचे पुढे दिसून आले.

त्याच काळात शेतांत आणि बागांत डीडीटी हे कीटकनाशक फवारले जाऊ लागले होते. या औषधाने हिवतापाचे डास मारून पुष्कळ माणसांचे प्राण वाचवले होते, हेही खरे. पण ते शरीरातील चरबीत साठून राहते. फवारलेले किडे चिमण्यापाखरांनी खाल्ले. अशी कितीतरी पाखरे ससाण्याने खाल्ली. थोडे थोडे करून त्याच्या अंगात फार विष साठले. त्यामुळे मादीच्या अंड्याच्या कवचाला पुरेसा चुना मिळेना.

1972 साली अमेरिकेत शेतीसाठी डीडीटी वापरण्यावर बंदी आली. शेजारच्या सांता क्रूझ येथील विद्यापीठातील माणसे दोराने कड्यांवर उतरत. घरट्यातील नाजूक अंडी काढून तेथे खोटी अंडी ठेवत. खरी अंडी यंत्रात उबवून पिल्ले परत घरट्यात सोडत. काय हे धाडस!

आता नव्या कीटकनाशकाला परवानगी देण्यापूर्वी तेथे दोन प्रश्न विचारतात. औषध किती विषारी आहे? आणि ते प्राण्यांच्या पोटात किती जाईल? त्यासाठी मासे, मधमाश्या आणि पक्षी यांच्यावर ते तपासतात. लावे व बदके यांना ते खाद्यातून देतात. पक्षी मेला नाही, एवढ्यावर भागत नाही. त्याने किती अंडी घातली, किती पिल्ले निघाली हे मोजतात. आणि कवचाची जाडीसुद्धा!

1999 साली बहिरी ससाण्याचे नाव अमेरिकेतील धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीतून काढले गेले. सॅन होजेच्या त्या घरट्यात अंडी फुटली, ती पिल्लांच्या चोचींनी.