खेळण्याएवढ्या इंजिनाची वानगी

३१ मे १८७९ रोजी बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात एक आगळी आगगाडी सुरू झाली. तिचे इंजिन इतके लहान होते की चालक त्याच्यावरच बसून ते हाकी. मागे तीन उघडे डबे आणि प्रत्येक डब्यात पाठीला पाठ लावून बसलेले सहा प्रवासी. धूर नाही, वाफ नाही, घोडाही नाही. सुमारे ३०० मीटरच्या वर्तुळाकार मार्गावर ही गाडी फेऱ्या घालीत असे. प्रवाशांना वाहून नेणारी जगातील पहिली विजेची आगगाडी ती हीच.

तिचे निर्माते होते वर्नर सीमेन्स. मुळात हे इंजिन कोळशाच्या खाणीसाठी योजलेले होते. खाणीच्या अरुंद बोगद्यात धुराचे इंजिन चालविणे कठीण. त्याची शक्ती अवघी ३ अश्वशक्ती. प्रदर्शनातील डायनामोवर निर्माण झालेली वीज रुळांमधील तिसऱ्या पट्टीतून इंजिनास मिळे आणि चालत्या रुळांवाटे परत जाई. चार महिन्यांत ८६ हजारांहून अधिक लोकांनी या गाडीत बसण्याची हौस भागविली.

व्यापारी माणूस मालाची वानगी ग्राहकाच्या तळहातावर ठेवतो, ती याचसाठी. विजेच्या सामर्थ्यावर शंभर व्याख्याने देऊनही जो विश्वास उपजला नसता, तो एका फेरीने उपजला.

तथापि वानगी आवडली म्हणजे सौदा पटला असे होत नाही. १८८० मध्ये सीमेन्स यांनी बर्लिनच्या रस्त्यावर खांबांवरून धावणाऱ्या विजेच्या रेल्वेची योजना मांडली. घरांची शोभा जाईल, असा आक्षेप रहिवाशांनी घेतला आणि योजना नामंजूर झाली. सीमेन्स खचले नाहीत. १८८१ मध्ये बर्लिननजीक लिख्टरफेल्ड येथे त्यांनी स्वखर्चाने सुमारे अडीच किलोमीटरची विजेची ट्राम चालवून दाखविली. बर्लिनची उन्नत रेल्वे मात्र १९०२ मध्ये सुरू झाली. ती पाहण्यास सीमेन्स उरले नव्हते. १८९२ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

आपल्या देशात ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे पहिली विजेची गाडी धावली. आज लोकलच्या गर्दीत पेढीवर जाणाऱ्या कोणाला त्या चिमुकल्या इंजिनाची आठवण होत नसेल. ते मूळ इंजिन म्युनिकच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. पेरणाऱ्याच्या हयातीतच पीक हाती येते असे नाही. म्हणून पेरणी वाया गेली, असेही नाही.