वारशातील पाने आणि त्यांवरील आकडे

वडिलोपार्जित हत्यारपेटीतील जुने ब्रिटिश पाने मिलिमीटरच्या नटांना नीट बसत नाहीत आणि भंगारात जातात. गैरसमज आकड्यांचा आहे. इंग्लंडचे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण मांडले. त्यावर आधारलेल्या पान्यांवर तोंडाची रुंदी नव्हे, तर बोल्टचा व्यास कोरलेला असतो. म्हणूनच 'अर्धा इंच डब्ल्यू' अशी खूण असलेल्या पान्याचे तोंड सुमारे २३.४ मिलिमीटर भरते. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या अनेक नटांना हेच पाने लागतात. जवळच्या मापाचा दुसरा पाना नटाचे कोपरे झिजवतो. गंजलेला पाना रॉकेलमध्ये भिजवावा, तारेच्या ब्रशने घासावा, कोरडा करून तेलाने पुसावा. ग्राइंडर मात्र लावू नये. त्याने गंजाबरोबर कोरलेले मापही जाते.