ठासणीच्या बंदुकीची निगा

अंजनगांव सुर्जीच्या उत्तरेस गाविलगडचे डोंगर असल्यामुळें या भागांतील शेतकऱ्यांस रानडुकरांचा उपद्रव नवा नाहीं. पिकांच्या रक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यांत आहे. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें परवानगीवांचून डुकरावर वा रोह्यावर गोळी घालतां येत नाहीं; म्हणून बहुधा जनावर बुजविण्यापुरता नुसता बार काढण्यांत येतो. "छर्रे भरलेच नव्हते, मग नळी धुवावयाची कशाला?" असें कित्येक शेतकरी बंधु आम्हांस विचारतात. परंतु नळी खाते ती दारू, छर्रे नव्हेत.

शोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू जळली म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होतां क्षाररूपानें उरतो. कांहीं धुराबरोबर जातो, बाकीचा नळीस चिकटतो व हवेंतील ओल ओढून घेतो. हा क्षार पाण्यांत विरघळतो, तेलांत नाहीं. सबब मळीवर तेल चोपडणें म्हणजे गंजास पांघरूण घालणें होय. आम्हीं स्वतः एका भाद्रपदांत हा आळस केला. तिसऱ्या दिवशीं गजाची चिंधी विटकरीसारखी तांबडी निघाली, आणि नळीस पडलेले खड्डे आजही तसेच आहेत. अशी नळी पातळ होत गेली म्हणजे केव्हां तरी फुटते, व ती फुटते तेव्हां डावा हात तिच्याखालींच असतो.

धुण्यापूर्वीं बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. रिकाम्या नळींत गज तळापर्यंत घालून तोंडाच्या पातळीस त्यावर खूण करून ठेवावी. पुढें ती खूण वर राहिली तर आंत बार आहे असें समजावें. नळीस तोंड लावून फुंकून पाहण्याची जुनी खोड मात्र प्राणघातक आहे.

नंतर केप बसवावयाची निपल काढावी. नळी दस्त्यापासून सुटी होत असल्यास तिचें बूड कढत पाण्याच्या भांड्यांत ठेवून चिंधी गुंडाळलेला गज वरखालीं करावा. पाणी नितळ येईपर्यंत तें बदलावें. कढत पाण्यानें लोखंड तापून आपोआप सुकतें, हा त्यांतील विशेष. नळी सुटी होत नसल्यास लांकडांत व घोड्याच्या कळींत पाणी जाऊं देऊं नये. निपलही धुवून सुईनें मोकळी करावी.

कोरड्या चिंध्या फिरवून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. आपल्याकडे मुबलक असलेलें जवसाचें तेल लोखंडास लावूं नये, तें वाळून चिकट पापुद्रा धरतें. दस्त्याच्या लांकडास मात्र तें उत्तम. चामड्याच्या म्यानांत बंदूक ठेवूं नये, कारण चामडें ओल धरतें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां एक पांढरी चिंधी फिरवून पाहावी. तांबूस निघाली तर धुणें पुनः करावें.

काडतुसाच्या बंदुकीची दारू निराळी असल्यामुळें चांदमारीहून परतल्यावर तिला ब्रश व साफ करण्याचें तेल पुरतें.

पुढील वेळीं भरण्यापूर्वीं नळींतील तेल पुसावें, व मोकळ्या दिशेस तोंड करून रिकाम्या बंदुकीवर एक केप उडवावी. राहिलेल्या तेलानें दारू भिजली म्हणजे ऐन वेळीं बार होत नाहीं.